फिजिशियन असिस्टंटला नियंत्रित औषधे लिहून देण्याचा अधिकार कसा मिळतो?

आयुर्वेदाची पदवी घेऊन लग्नानंतर न्यू जर्सीत आलेल्या आणि आता फिजिशियन असिस्टंटच्या, म्हणजे डॉक्टरच्या साथीने रुग्ण तपासून उपचार करणाऱ्या पीएच्या, अभ्यासक्रमाला प्रवेश मिळालेल्या एका भगिनीने विचारले आहे की, पदवी आणि परवाना हाती आला की मॉर्फिन, ऑक्सिकोडोन, अल्प्राझोलाम यांसारखी नियंत्रित औषधे लिहून देण्याचा अधिकार आपोआप मिळतो का, की त्यासाठी डीईएचा, म्हणजे अमली पदार्थांवर नियंत्रण ठेवणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचा, क्रमांक घेतला म्हणजे पुरे होते. मी अमेरिकेत याच व्यवसायात बरीच वर्षे आहे आणि नव्याने रुजू होणाऱ्या सहकाऱ्यांची कागदपत्रे तपासण्याचे कामही माझ्याकडे असते. त्या अनुभवाच्या आधारे सविस्तर लिहीत आहे.

दोन्ही समज अपुरे आहेत. परवान्याबरोबर हा अधिकार आपोआप येत नाही, आणि डीईए तो देत नाही. अधिकार देते ते राज्य. राज्याच्या कायद्याने पीएला जेवढी मुभा दिली असेल, तिच्यापैकी जेवढा भाग तुमच्यावर देखरेख ठेवणारा डॉक्टर तुमच्याकडे लेखी सोपवील, तेवढाच बहुतेक राज्यांत तुमचा अधिकार. डीईए त्याची नोंद करते. ही नोंदणी सक्तीची आहे, तिच्याशिवाय एकही नियंत्रित औषध लिहिता येत नाही, पण ती मूळ अधिकाराची जागा घेऊ शकत नाही. मी पाहिलेल्या बहुतेक अडचणी हा क्रम उलटा धरल्यामुळे उद्भवलेल्या आहेत. हातात डीईएचे प्रमाणपत्र आहे, त्यावर सगळ्या अनुसूची, म्हणजे नियंत्रित औषधांच्या क्रमांकवार याद्या, छापलेल्या आहेत, म्हणजे ती सगळी औषधे आपण लिहू शकतो असे नवा पीए धरून चालतो, आणि राज्याच्या कायद्याने किंवा करारपत्राने मात्र तेवढे दिलेलेच नसते.

याचे मूळ १९७० च्या नियंत्रित पदार्थ कायद्यात आहे. औषध लिहून देण्यास पात्र कोण, हे केंद्राने त्या कायद्यात स्वतः ठरवले नाही. ज्या राज्यात व्यवसाय चालतो त्या राज्याने ज्याला परवानगी दिली आहे तो पात्र, असे म्हटले. पीए हा व्यवसाय तेव्हा नुकता उभा राहत होता. डॉ. यूजीन स्टेड यांनी ड्यूक विद्यापीठात १९६५ मध्ये नौदलात वैद्यकीय सहायक म्हणून काम केलेल्या चौघांना घेऊन पहिला वर्ग सुरू केला, आणि त्यातले पहिले पदवीधर १९६७ मध्ये बाहेर पडले. पुढे एकेक राज्य मुभा देऊ लागले, तेव्हा १९९३ मध्ये डीईएने डॉक्टर, दंतवैद्य, पशुवैद्य आणि पायांचे डॉक्टर यांच्याखेरीजच्या व्यावसायिकांसाठी ‘मिडलेव्हल प्रॅक्टिशनर’ हा वेगळा नोंदणीवर्ग नियमांत आणला, आणि राज्याने परवानगी दिलेल्या पीएला स्वतःच्या नावाचा क्रमांक मिळण्याची रीतसर वाट तयार झाली. सगळ्यांत शेवटी आलेले राज्य केंटकी. तिथे २०२० च्या कायद्यानंतर पीएला नियंत्रित औषधे लिहिण्याची मुभा मिळाली, तीही तिसऱ्या ते पाचव्या अनुसूचीपुरती.

अनुसूचींबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण भारतात शिकलेल्यांची इथे हमखास गल्लत होते. आपल्याकडच्या एच, एच१ आणि एक्स या याद्यांचा अमेरिकेतल्या एक ते पाच या अनुसूचींशी काहीही संबंध नाही. इथल्या पहिल्या अनुसूचीतले हेरॉइनसारखे पदार्थ कोणालाच लिहून देता येत नाहीत. दुसरीत मॉर्फिन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन, फेंटानिल ही वेदनाशामके आणि एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष एकाग्र न होण्याच्या विकारासाठी, दिली जाणारी मिथाइलफेनिडेट, ॲम्फेटामाइन ही औषधे येतात. तिसरीत ब्युप्रेनॉर्फिन, केटामाइन, टेस्टोस्टेरॉन. चौथीत अल्प्राझोलाम, लोराझेपाम, झोल्पिडेम, ट्रामाडॉल. पाचवीत प्रीगाबालिन आणि कोडीनचे प्रमाण कमी असलेली खोकल्याची औषधे. नसांच्या दुखण्यासाठी प्रीगाबालिन भारतात किती सहज लिहिले जाते, हे तुम्हाला माहीत आहेच. इथे मात्र डीईए क्रमांकाशिवाय तेही लिहिता येत नाही.

परवान्यापर्यंतचा टप्पा सर्व राज्यांत जवळजवळ सारखा आहे, म्हणून तो लवकर आटोपतो. एआरसी-पीए या संस्थेची मान्यता असलेला अभ्यासक्रम पूर्ण करायचा, एनसीसीपीए या प्रमाणन संस्थेची पॅन्स ही परीक्षा उत्तीर्ण व्हायची आणि मग राज्याच्या मंडळाकडे परवान्यासाठी अर्ज करायचा. भारतातली बीएएमएस, बीएचएमएस किंवा एमबीबीएस पदवी असली तरी मान्यताप्राप्त अमेरिकी अभ्यासक्रम केल्याशिवाय पॅन्सला बसता येत नाही. तुम्ही प्रवेश घेतला आहे, त्यामुळे हा प्रश्न तुमच्यापुरता सुटलेला आहे. परवाना मिळाला की तुम्ही पीए म्हणून काम करू शकता. नियंत्रित औषधांचा विषय इथून पुढे सुरू होतो.

पहिला प्रश्न राज्याच्या कायद्याचा. टेक्सासमध्ये पीएला तिसऱ्या ते पाचव्या अनुसूचीतली औषधे डॉक्टरने सोपवल्यास लिहिता येतात, पण पुनर्भरण, म्हणजे त्याच प्रिस्क्रिप्शनवर पुन्हा दिलेले औषध, धरून ९० दिवसांपेक्षा जास्त पुरवठा देता येत नाही, आणि त्यापुढे चालू ठेवायची असतील तर डॉक्टरशी सल्लामसलत करून तशी नोंद करावी लागते. दोन वर्षांखालील मुलाला द्यायचे असेल तरीही आधी सल्लामसलत लागते. दुसऱ्या अनुसूचीतली औषधे तिथे पीएला फक्त रुग्णालयात दाखल असलेल्या किंवा तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णांसाठी आणि हॉस्पिसमधल्या, म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातली शुश्रूषा घेणाऱ्या, रुग्णांसाठी लिहिता येतात. बाह्यरुग्ण दवाखान्यात बसून लिहिता येत नाहीत. फ्लोरिडाने ही मुभा १ जानेवारी २०१७ पासून दिली आणि दुसऱ्या अनुसूचीसाठी सात दिवसांच्या पुरवठ्याची मर्यादा घातली. कॅलिफोर्नियात २०२० पासून डॉक्टर आणि पीए यांच्यातल्या लेखी ‘प्रॅक्टिस ॲग्रीमेंट’वर सगळी रचना उभी आहे, आणि दुसऱ्या अनुसूचीसाठी करारात विशेष तरतूद व मंडळाने मान्य केलेले नियंत्रित औषधांविषयीचे प्रशिक्षण अपेक्षित आहे. दुसरीकडे नॉर्थ डकोटाने २०१९ मध्ये डॉक्टरशी लेखी करार करण्याची सर्वसाधारण अटच काढून टाकली. पदवी एक, परीक्षा एक, आणि तरीही सीमा ओलांडली की तुमच्या लेखणीतले बळ बदलते, ही वस्तुस्थिती कितीही विचित्र वाटली तरी ती गृहीत धरूनच नोकरीचा विचार करावा लागतो.

या फरकाचे परिणाम रुग्णापर्यंत कसे पोहोचतात, हे २०१४ मध्ये स्पष्ट दिसले. हायड्रोकोडोन आणि ॲसिटामिनोफेन यांची एकत्रित गोळी तोपर्यंत तिसऱ्या अनुसूचीत होती आणि अमेरिकेत ती सर्वाधिक लिहिल्या जाणाऱ्या औषधांपैकी एक होती. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी डीईएने ती दुसऱ्या अनुसूचीत टाकली. ज्या राज्यांत पीएचा अधिकार तिसऱ्या अनुसूचीपासून सुरू होत होता, तिथल्या पीएंना आदल्या दिवसापर्यंत लिहिता येत असलेले औषध त्या दिवसापासून लिहिता येईनासे झाले. राज्याचा कायदा बदलला नव्हता, करार बदलला नव्हता, परवानाही तोच होता. म्हणून मी नव्या सहकाऱ्यांना औषधाचे नाव पाठ करू नका, त्याची आजची अनुसूची तपासा, असे सांगत असतो.

तुमच्या न्यू जर्सीत दुसऱ्या ते पाचव्या अनुसूचीपर्यंतचा मार्ग खुला आहे, मात्र तो डॉक्टरच्या अधिकारदानातून जातो. तिथली रूढ रचना अशी की, डॉक्टरने आधी दिलेले औषध पुढे चालू ठेवणे, त्याची मात्रा बदलणे आणि नवे नियंत्रित औषध सुरू करणे या वेगवेगळ्या कृती मानल्या जातात, आणि मात्रा बदलण्यासाठी किंवा नवे औषध सुरू करण्यासाठी डॉक्टरशी आधी झालेल्या सल्लामसलतीला महत्त्व असते. म्हणून अधिकारदानाचे करारपत्र हा माझ्या मते सगळ्या कागदांतला सर्वांत महत्त्वाचा कागद आहे, आणि दुर्दैवाने तोच सर्वांत निष्काळजीपणे केला जातो. अनेक ठिकाणी जुन्या सहकाऱ्याच्या कराराची प्रत काढून फक्त नाव बदलले जाते. ‘राज्याच्या कायद्यानुसार औषधे लिहिता येतील’ असे एक मोघम वाक्य त्यात असते, आणि ते वाचून कोणालाच काही कळत नाही. करारात अनुसूची क्रमांकासह स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात. दुसऱ्या अनुसूचीचा उल्लेख वेगळा असावा. कोणत्या प्रसंगी आधी विचारायचे आणि कोणत्या प्रसंगी नंतर कळवले तरी चालेल हे नमूद असावे. आणि डॉक्टर रजेवर असताना त्यांच्या जागी कोण, हेही असावे. शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण डॉक्टर भारतात तीन आठवड्यांच्या सुटीवर गेलेले असताना दीर्घकालीन वेदनेच्या रुग्णाचे औषध संपते, तेव्हा त्याची किंमत कळते. आणखी एक गोष्ट: डॉक्टरकडे जो अधिकार नाही तो ते तुम्हाला देऊ शकत नाहीत. त्यांची स्वतःची डीईए नोंदणी चालू आहे की नाही हे विचारण्यात संकोच करू नये.

करार झाल्यावर राज्याची स्वतंत्र नोंदणी. काही राज्यांत हा टप्पा नाही. न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, इलिनॉय, कनेक्टिकट, मेरिलंड यांसारख्या राज्यांत तो आहे. न्यू जर्सीत त्याला सीडीएस नोंदणी म्हणतात. ती आधी मिळवायची आणि तिचा क्रमांक डीईएच्या अर्जात भरायचा. उलट क्रमाने गेलात तर केंद्राचा अर्ज अडकून पडतो.

डीईएचा नवा अर्ज म्हणजे फॉर्म २२४. तो ऑनलाइन भरता येतो, शुल्क ८८८ डॉलर आहे आणि नोंदणी तीन वर्षांसाठी असते. सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्यांना शुल्कमाफी मिळू शकते, पण मग तो क्रमांक त्या सरकारी कामापुरताच वापरायचा असतो. या अर्जातली एक जागा मी प्रत्येकाला बोट ठेवून दाखवतो. अनुसूचींच्या चौकटी एक ते पाच अशा सरळ नसतात. दुसरीच्या दोन आणि तिसरीच्या दोन चौकटी असतात, एक नार्कोटिक औषधांची आणि एक बिगर-नार्कोटिक औषधांची, जिच्यापुढे ‘एन’ हे अक्षर असते. मॉर्फिन, ऑक्सिकोडोन ‘दोन’मध्ये येतात आणि मिथाइलफेनिडेट, ॲम्फेटामाइन ‘दोन-एन’मध्ये. त्याचप्रमाणे ब्युप्रेनॉर्फिन ‘तीन’मध्ये आणि टेस्टोस्टेरॉन ‘तीन-एन’मध्ये. घाईत ‘दोन-एन’ची चौकट राहून जाते, प्रमाणपत्र येते, कोणी ते बारकाईने वाचत नाही, आणि काही महिन्यांनी एडीएचडी असलेल्या शाळकरी मुलाचे औषध फार्मसीतून परत येते. दुरुस्ती करता येते, पण तेवढे दिवस त्या मुलाची आणि आईवडिलांची अडचण होते. अर्थात, राज्याने किंवा कराराने न दिलेल्या अनुसूचीच्या चौकटीवर खूण करणेही तितकेच चुकीचे आहे.

याच अर्जात पूर्वीचे गुन्हे, परवान्यावरची कारवाई, नोंदणी परत करावी लागणे यांविषयी प्रश्न असतात. त्यांची उत्तरे पूर्ण खरी द्यावीत. जुनी कारवाई स्पष्टीकरणासह मांडली तर अर्जाचा विचार होतो. खोटे उत्तर हे मात्र स्वतःच नोंदणी रद्द करण्याचे कारण ठरते.

क्रमांक दोन अक्षरे आणि सात अंकांचा असतो. पीएच्या क्रमांकाचे पहिले अक्षर ‘एम’, दुसरे आडनावाचे आद्याक्षर. शेवटचा अंक पडताळणीचा असतो: पहिला, तिसरा आणि पाचवा अंक यांची बेरीज करायची, दुसरा, चौथा आणि सहावा यांच्या बेरजेची दुप्पट तिच्यात मिळवायची, आणि येणाऱ्या उत्तराचा एककाचा अंक सातव्या अंकाशी जुळला पाहिजे. उदाहरणार्थ १२३४५६३ घेतला तर ९ अधिक २४ म्हणजे ३३, आणि शेवटचा अंक ३. फार्मसीत बसलेली व्यक्ती संशय आला की ही बेरीज क्षणात करून पाहते.

२०२३ पासून आणखी एक अट आली आहे. २७ जून २०२३ नंतर नवा अर्ज किंवा नूतनीकरण करताना व्यसनाधीनतेच्या विकारांवरील आठ तासांचे प्रशिक्षण पूर्ण केल्याचे एकदाच जाहीर करावे लागते. ते एका बैठकीत करण्याची गरज नसते, आणि गेल्या पाच वर्षांत पदवी घेतलेल्यांच्या अभ्यासक्रमातच तेवढे तास असतील तर ते पुरते. तुमच्या महाविद्यालयाकडून तसे लेखी घेऊन ठेवा. याच सुमारास एक स्वागतार्ह बदलही झाला. ओपिऑइडच्या, म्हणजे अफूवर्गीय पदार्थांच्या, व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन लिहिण्यासाठी पूर्वी वेगळी ‘एक्स’ परवानगी लागत असे. पीएंना ती २०१६ च्या कायद्याने चोवीस तासांच्या प्रशिक्षणानंतर मिळू लागली होती. डिसेंबर २०२२ च्या कायद्याने ती परवानगीच रद्द केली. आता तिसऱ्या अनुसूचीचा अधिकार आणि डीईए नोंदणी असलेला पीए राज्याच्या कायद्याच्या चौकटीत हे औषध सुरू करू शकतो. ज्या रुग्णांना पूर्वी तासन्‌तास गाडी चालवून परवानगीधारक डॉक्टर गाठावा लागे, त्यांच्यासाठी याचे मोल फार मोठे आहे, आणि नव्या पीएंनी या उपचारापासून दूर राहू नये असे मला मनापासून वाटते.

रुग्णालयात नोकरी असेल तर स्वतःचा क्रमांक येईपर्यंत रुग्णालयाच्या नोंदणीखाली, रुग्णालयाने दिलेला अंतर्गत संकेतांक त्यापुढे जोडून काम करण्याची सोय केंद्रीय नियमांत आहे. पण राज्याने तुम्हाला अधिकार दिलेला असणे, रुग्णालयाने ते तपासलेले असणे आणि औषध त्या नोकरीच्या कामाचाच भाग असणे, या अटी तिथेही असतात. सहकारी डॉक्टरचा वैयक्तिक क्रमांक ‘तात्पुरता’ वापरणे हा याला पर्याय नाही. तो गुन्हा आहे, आणि डॉक्टरने तोंडी परवानगी दिली होती हा बचाव टिकत नाही.

अधिकार मिळाल्यावर तो वापरायचा कसा, हे एका साध्या प्रसंगातून पाहू. मनगट मोडलेला रुग्ण संध्याकाळी येतो, हाड बसवून प्लास्टर होते, आणि आयबुप्रोफेनने वेदना थांबत नाहीत. ऑक्सिकोडोन लिहिण्याआधी राज्याच्या औषध-नोंदवहीत, म्हणजे पीएमपीमध्ये, त्या रुग्णाचे नाव आणि जन्मतारीख घालून पाहायचे. तिथे गेल्या महिन्यात दुसऱ्या कोणी अल्प्राझोलाम दिलेले दिसले तर सगळा विचार बदलतो, कारण ही दोन औषधे एकत्र आली की श्वसन मंदावण्याचा धोका असतो. नोंदवही स्वच्छ असेल, तर धोके समजावून सांगायचे, तशी नोंद करायची आणि कमीत कमी मात्रा लिहायची. न्यू जर्सीत तीव्र वेदनेसाठी पहिल्यांदा दिलेल्या ओपिऑइडचा पुरवठा २०१७ पासून पाच दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि ही मर्यादा पीएप्रमाणे डॉक्टरलाही आहे. मग संगणकावर प्रिस्क्रिप्शन तयार होते, पण ते पाठवण्यासाठी पासवर्डखेरीज दुसरी ओळख लागते: टोकनवर सतत बदलणारा अंक किंवा बोटाचा ठसा. ते टोकन परिचारिकेच्या हाती देऊन ‘तूच पाठव’ म्हणणे हा स्वतःची सही दुसऱ्याला देण्याचाच प्रकार आहे. दुसऱ्या अनुसूचीत पुनर्भरण नसते. तिसरीत आणि चौथीत सहा महिन्यांत जास्तीत जास्त पाच वेळा असते. शेवटी फार्मासिस्टचा फोन येऊ शकतो. त्याचा राग मानू नये. औषध खऱ्या वैद्यकीय कारणासाठी लिहिले आहे ना, हे पाहण्याची कायदेशीर जबाबदारी लिहिणाऱ्याइतकीच त्याच्यावरही आहे.

आपल्या समाजाविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात कोणी काका बाजूला घेऊन झोपेची गोळी मागतात, भारतातून आलेल्या आईची अल्प्राझोलामची पट्टी संपलेली असते, आणि ‘तू आता लिहू शकतेस ना’ असा प्रेमाचा आग्रह होतो. इथे नकारच द्यावा. ज्याची तपासणी केली नाही, ज्याची नोंद दवाखान्यात नाही आणि जो तुमच्या डॉक्टरचा रुग्ण नाही, त्याच्यासाठी करारपत्राने तुम्हाला अधिकार दिलेलाच नाही. त्याऐवजी त्या आईला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आणायला सांगा आणि रोज घेतले जाणारे अल्प्राझोलाम एकदम बंद करू नका हेही बजावा, कारण ते अचानक थांबवल्यास झटके येऊ शकतात.

अधिकार कधी थांबतो, हेही माहीत असावे. देखरेख करणारे डॉक्टर नोकरी सोडून गेले आणि करारात दुसरे कोणी नसेल, तर डीईएच्या प्रमाणपत्राची मुदत कितीही शिल्लक असली तरी तुमचा आधार त्याच दिवशी जातो. राज्याचा परवाना निलंबित झाला तर डीईए नोंदणीही रद्द होऊ शकते. दुसऱ्या राज्यात काम सुरू केले तर तिथला परवाना, तिथला करार आणि तिथली स्वतंत्र डीईए नोंदणी लागते. हडसन नदीपलीकडे न्यू यॉर्कमध्ये आठवड्यातून एक दिवस काम केले तरीही. नूतनीकरणाची सूचना ईमेलने येते आणि ती नोंदवलेल्या ईमेल पत्त्यावर जाते, म्हणून तिथे सोडून जाणाऱ्या नोकरीचा ईमेल पत्ता ठेवू नका.

तुमच्यासाठी व्यवहारातला क्रम असा राहील: पॅन्सचा निकाल, राज्याचा परवाना, नोकरीचा देकार, करारपत्राचा मसुदा, सीडीएस, मग डीईए. देकार स्वीकारण्यापूर्वीच करारपत्राचा मसुदा मागून घ्या, त्यात दुसऱ्या अनुसूचीविषयी काय लिहिले आहे ते वाचा, आणि ८८८ डॉलर संस्था भरणार की तुम्ही, हे त्याच बैठकीत विचारून घ्या. बऱ्याच संस्था ते भरतात, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत.